हुडहुडी

नम्रता आत आली ती पिवळी होऊन. गळ्यापासून गुडघ्यांपर्यंत पिवळा कागदी झगा, हातांत निळे मोजे, तोंडावर मास्क. वरचे दोन डोळे तेवढे कालचे. काल याच पोरीने हातांना ते गार औषध चोळून उघडा तळवा वासंतीच्या कपाळावर ठेवला होता आणि थर्मामीटर लावायच्या आधीच सांगून टाकलं होतं, "काकू, आज उतरलाय हां." आज ती दारातच थबकली. मोजे मनगटावर ओढून घेतले, त्यांचा फट् असा आवाज झाला, आणि मग पुढे आली. कपाळाला काहीतरी लागलं. पण तो हात नव्हता. पावसाळ्यात पडवीला बांधलेलं प्लॅस्टिक वाऱ्याने फडफडून गालाला लागावं, तसं काहीतरी. "काय गो, हळद लावून आलीस ती? लग्नबिग्न ठरलं की काय?" वासंती म्हणाली. नम्रता हसली, पण डोळे हसायला जरा उशीर झाला. "मॅडम येतायत काकू. त्या सांगतील," एवढं बोलून तिने सलाइनची नळी तपासली आणि बाहेर जाताना झगा काढून दाराशी ठेवलेल्या लाल डब्यात टाकला. फक्त चार मिनिटं घातलेला, कोरा करकरीत झगा. वासंती त्या डब्याकडे बघत राहिली. इथे येणारं प्रत्येक माणूस पहिल्यापासून मास्क लावत होतं, हात धूत होतं, फुलं आणू नका म्हणत होतं. कारण गाठींच्या कॅन्सरवरच्या तिसऱ्या किमोनंतर तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला गेल्या होत्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याची साधी शिंकसुद्धा तिला पुरली असती. म्हणजे कालपर्यंत ही माणसं जगापासून तिला जपत होती. आजपासून तिच्यापासून जगाला जपणार होती. एका फट् आवाजात सगळं उलटं झालं होतं.

शिवू नको गो! तो आवाज कुठून आला ते तिला लगेच कळलं. सासूबाईंचा. सोवळ्यातल्या. त्यांचं सोवळ्याचं लुगडं वळणीवर इतकं उंच वाळत असायचं की काठीशिवाय काढता येऊ नये. ते नेसून त्या चुलीपाशी असायच्या, आणि अडीच-तीन वर्षांची भार्गवी, वासंतीची एकुलती एक, अंगणातून दोन्ही हात पसरून धावत यायची. शिवू नको गो! दोन्ही हात वर, एका हातात पळी, जणू पोर नव्हे, वावटळच आत शिरत्येय. पोर तिथेच उभी राहायची, ओठ काढून. वासंती तिला कडेवर घेऊन मागे विहिरीवर जायची आणि पोरीआधी आपणच रडायची. नवरा, परशुराम, बागेतून आला की तिला खुलवायला म्हणायचा, "आईच्या देवाला पोरीचा विटाळ होतो म्हणे. एवढा नाजूक देव! त्याला बरं एखादं टॉनिक दे." तेव्हा तिला त्याचा किती अभिमान वाटायचा. आज एवढ्या वर्षांनी, तळव्याऐवजी मोजा लागल्यावर, पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, की वर धरलेल्या त्या दोन हातांना काय वाटत असेल? पळी धरलेला हात पोरीला उचलायला शिवशिवत असेल का? आपण कधी त्या बाजूने बघितलंच नाही.

डॉक्टर ऋजुता आल्या, त्यांच्या मागून परशुराम. त्याला झगा आखूड झाला होता आणि खालून धोतराचा सोगा लोंबत होता. एरवी ती हसली असती. डॉक्टर मूळच्या केळशीच्या, वयाने भार्गवीएवढ्या. खुर्ची ओढून अगदी जवळ बसल्या आणि उगाच आढेवेढे घेतले नाहीत. "काकू, ज्या दिवशी आलात त्या दिवशी रक्त घेतलं होतं ना, त्यात जंतू वाढलाय. रक्तात उतरलाय म्हणून इतका ताप. अशा तापात रिपोर्टची वाट बघत बसता येत नाही, म्हणून आम्ही आल्याबरोबर भारीतलं औषध चालू केलं. पण लॅबमध्ये या जंतूपुढे एकेक औषध ठेवून बघितलं, आणि तो त्यालाही जुमानत नाहीये. बहुतेक कशालाच जुमानत नाहीये." परशुराम उभाच होता. "मग डोस वाढवा," तो म्हणाला. डॉक्टरांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. "काका, बाग आहे ना तुमची?" "आहे. शंभरेक कलमं." "मोहोरावर तुडतुडा पडला आणि दर वर्षी एकच औषध मारत राहिलात, तर?" परशुराम बोटांवर वर्षं मोजायला लागला. मग हळू आवाजात म्हणाला, "पहिल्या वर्षी मरतो. दुसऱ्या वर्षी निम्मा मरतो. मग आम्ही डोस डबल करतो." "आणि?" "आणि मग तो आमच्याकडे बघून हसतो."

खोलीतलं यंत्र टिकटिकत होतं. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली. "हा पण तसाच," डॉक्टर म्हणाल्या. "शिकून आलेला." "कुठे शिकला?" "आपण सगळ्यांनी शिकवला, काका. पडशाला घेतलेल्या गोळ्यांनी, अर्ध्यात सोडलेल्या गोळ्यांनी, कोंबड्यांना घातलेल्या औषधांनी, आमच्या दवाखान्यांनी पण. कुणा एकाचं नाव नाही घेता येत." परशुरामने दोन्ही हात पाठीमागे बांधले. बागेत फवारा मारून झाल्यावर झाडाकडे बघत तो असाच उभा राहतो. "उरलंय काय मग?" "एक जुनं औषध आहे. मूत्रपिंडांना त्रास देतं म्हणून मधली कित्येक वर्षं कुणी फारसं वापरत नव्हतं. आता दुसरं काही चालत नाही म्हणून पुन्हा काढलंय. काकूंची मूत्रपिंडं किमोने आधीच दमलीयत." "म्हणजे किडा मरेल, पण मोहोर जळेल." "जळू शकतो. रोज तपासत राहू. पण नाही दिलं तर—" दोघं एकमेकांकडे बघत होते, आणि वासंतीला एकदम गंमत वाटली. "अहो, माझ्याशी बोला की. झाड इकडे पडलंय." दोघंही दचकून वळले. "द्या ते औषध. मोहोर जाईना का एका वर्षाचा. झाड राहिलं तर पुढच्या माघात बघू." बोलताना आवाज बरा निघाला. पांघरुणाखाली मात्र तिने स्वतःचाच अंगठा मुठीत घट्ट धरला होता.

जायला वळताना परशुरामने विचारलंच. "डॉक्टर, हा आला कुठून? म्हणजे आमच्याकडे पालखी आली होती त्या दिवशी. घरात खूप माणसं होती." वासंतीने डोळे मिटले. हा प्रश्न गेले तीन दिवस त्याच्या घशात अडकलाय हे तिला ठाऊक होतं. डॉक्टरांनी जरा विचार केला. "त्या दिवशी बाहेरून आला असं नाही वाटत. हा पोटातला आहे. आतड्यात राहत असेल, कधीपासून ते कुणालाच सांगता येणार नाही. धडधाकट माणसाच्या पोटात तो गपचूप पडून राहतो. किमोने आतलं अस्तर नाजूक झालं, राखणारे पांढरे शिपाई संपले, कुंपण मोडलं, की रक्तात उतरतो. पालखीचा दोष नाही. उशिराचा आहे थोडा. पहिली थंडी वाजली त्याच घटकेला निघायला हवं होतं." पहिली थंडी वाजली तेव्हा काय झालं होतं, ते डॉक्टरांना सांगायचं तरी कसं?

शिमग्याचे दिवस. यंदा गर्दीत जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून वासंती सहाणेवर, पालखी बसते तिथे, गेली नव्हती. देवीला हात जोडले ते खिडकीतूनच, लांबून येणाऱ्या ढोलाच्या दिशेने. वाडीला हे खुपलं. दर वर्षी वासंतीवैनीने ओटी भरल्याशिवाय पालखी पुढे जात नाही, आणि यंदा वैनी आजारी, तर देवीनेच नको का जायला? बागेत राबणारा, पालखीला खांदा देणारा विठू पुढे झाला आणि ठरलेला क्रम मोडून पालखी भर दुपारी तिच्या अंगणात आली. आधी कळवलं असतं तर परशुराम नको म्हणाला असता. म्हणून तर कळवलं नव्हतं. पोरांनी ढोल हळू वाजवला, गुलाल उधळला नाही, तिला त्रास नको म्हणून. इतकं प्रेम. विठूने पालखी खाली, अगदी पायरीला टेकवली, तिला वाकायला लागू नये म्हणून. वासंती ताटात नारळ, तांदूळ, खण घेऊन पुढे झाली. उन्हाने अंगण तापलं होतं, बायकांच्या केसांत सुरंगीचे वळेसर होते, त्यांचा तो दाट, गोड, मधासारखा वास. आणि रुप्याच्या मुखवट्याला हात लावला त्याच क्षणी तिला आतून थंडी वाजली. पाठीच्या कण्यातून एक लाट वर आली. मग दुसरी. दात वाजायला लागले, ताट थरथरलं, तांदूळ सांडले, आणि ती उभी हलायला लागली. ढोल थांबला. मग कुणीतरी ओरडलं, "आई आली! वैनींच्या अंगात वारा आला!" आणि ढोल दुप्पट जोराने सुरू झाला.

तिच्या सासरी कुणाच्या अंगात कधी आलं नव्हतं. आणि तरीही, हेच ती डॉक्टरांना सांगू शकली नसती, त्या क्षणी तिला ते खरं वाटलं. चैत्राच्या तोंडावरच्या उन्हात हुडहुडी भरते, अंगण, माणसं, कलमं सगळी पाण्यात दिसल्यासारखी हलतात, अंग आपलं राहत नाही. मग ते दुसऱ्या कुणाचं तरी झालंय असं का वाटू नये? इतके महिने शरीर म्हणजे सुया, पिशव्या, उलट्या, गळलेले केस. आज पहिल्यांदा कुणीतरी मोठं माणूस त्यात राहायला आलं होतं. बायका पाया पडत होत्या. कपाळावर कुंकू भरत होत्या, ओटीत तांदूळ ओतत होत्या. म्हातारी गंगाआजी गुडघ्यांवर बसली आणि तिने विचारलं, "आये, माजो रामा बोटीवरनं कदी येल?" आणि कडकड वाजणाऱ्या दातांतून वासंतीच्या तोंडून शब्द आला, "येईल." कुणी म्हटलं तो? तिने परशुरामकडे बघितलं. जन्मभर देवाला टॉनिक द्या म्हणणारा तो, खांबाला टेकून उभा होता, आणि त्याचे हात जोडलेले होते. चटकन सोडले त्याने. पण जोडलेले होते ते तिने बघितलं. पालखी उठून पुढच्या घरी जाईपर्यंत तासभर तरी गेला असेल. मग परशुराम तिला आत घेऊन आला, शेजारी बसला, तिच्या हाताला हात लावला आणि ओरडला, "अगो, तू भाजत्येस!"

नवं-जुनं ते औषध थेंबाथेंबाने उतरायला लागलं. दिवस कसे जात होते ते खिडकीच्या पट्टीवरून कळायचं. सकाळचं ऊन पलंगाच्या पायथ्याशी यायचं, दुपारी भिंतीवर चढायचं, मग खारा वारा सुटल्यासारखा पडदा हलायचा, जरी खिडकी कधीच उघडत नव्हती. तोंड बधिर व्हायचं, ओठांवर मुंग्या चालल्यासारखं वाटायचं. रोज रक्त, रोज लघवी मोजायची. ताप चढायच्या आधी पुन्हा तीच हुडहुडी यायची आणि ती डोळे मिटून तिला विचारायची, तू कोण? उत्तर यायचं नाही. मुरुडच्या माहेरची आई तेवढी यायची. जात्याशी नव्हे, तिच्या लहानपणी घरात गिरणीचंच पीठ होतं. आई ओव्या म्हणायची ती भर दुपारी, फणसाचे गरे सोलताना, हाताला खोबरेल लावून. एक ओवी सारखी जिभेवर यायची:

तापला गं कातळ, त्याला वारा घाली सागर,
तापलं गं कपाळ...

आणि पुढचं अडायचं. आई पुढे काय म्हणायची? पदर होतं शेवटी, एवढं आठवायचं. कुणाचा पदर, कुठे, ते जात होतं. परशुराम यायचा, आखूड झग्यात, मोजे घालून. आधी दारातल्या बेसिनवर हात धुवायचा, मग मोजे, मग आत. निघताना मोजे काढून पुन्हा धुवायचा. बोटांच्या बेचक्या, नखं, अंगठे, मनगटं, नम्रताने शिकवलं होतं तसं, एक घडीही चुकवायची नाही. "काका, तुम्ही आमच्या नव्या पोरींना शिकवायला या," नम्रता म्हणायची. "तुमच्यापेक्षा तुमच्या आईला बोलावायला हवं होतं," वासंती पुटपुटली, "त्यांना हे सगळं आधीच ठाऊक होतं." त्याला कळलं. मोजा घातलेल्या हाताने त्याने तिचा हात धरला, आणि मोज्याच्या आत त्याचा हात घामाने निथळत होता हे तिला बाहेरूनही जाणवलं.

नवं औषध सुरू झाल्यावर ताप पहिल्यांदा उतरला त्या सकाळी विठू आला. आत यायला परवानगी नव्हती. दाराच्या काचेपलीकडे तो उभा, धुतलेला सदरा, केसांना तेल, आणि कानाला परशुरामचा फोन. वासंतीच्या उशाशी तिचा. काचेत त्याचे ओठ आधी हलायचे, आवाज मागून यायचा. "वैनी, माजा आयकू येताय काय?" "येतंय रे. बोल." "आमचा चुकला वैनी. आमी पालखी आनली नि तुमाला ह्या असा झाला. मी चार दीस जेवलेलो नाय नीट." "विठू, पालखीने नाही झालं. जंतू आधीपासून माझ्या पोटातच होता." "पोटात? कदीपासना?" "कुणास ठाऊक. वर्षं झाली असतील." "मंग भाडा तरी देल्यान काय मेल्यान?" ती हसली. पोट दुखलं, हाताची सुई दुखली, तरी हसू थांबेना, आणि काचेपलीकडे विठूही हसायला लागला, डोळे पुसत पुसत. मग तो गंभीर झाला. तोंड काचेच्या इतकं जवळ आणलं की काच धुरकट झाली. "मंग वैनी, एक सांगा. त्या दिशी तुमच्या अंगात कोन होता? तो जंतू, का आई?"

परशुराम बाजूला उभा होता. तो दुसरीकडे बघायला लागला. वासंतीला वाटलं, आत्ता खोटं बोलणं किती सोपं आहे, दोन्ही बाजूंनी. "थंडी होती, विठू. तापाची हुडहुडी. आई असती तर ती मला म्हणाली असती, अगो, नाटकं पुरे, आधी दवाखान्यात जा." "पन आमी पाया पडलाव तुमच्या." "पडलात ते वाया नाही गेलं. पाय आहेत अजून जागेवर." तिने उशाचा फोन आणखी जवळ ओढला. "आणि ऐक. वाडीत सगळ्यांना सांग. कुणाची किमो चालू असेल, आणि अशी थंडी भरली, तर ढोल बंद आणि गाडी चालू. देवी सहाणेवर बसेल तेवढा वेळ. तिला घाई नसते." "सांगतंव," तो म्हणाला. "पन गंगाआजीला काय सांगू? ती रोज खाडीवर जाऊन बसताय. आईन सांगितलान, रामा येल." वासंतीने छताकडे बघितलं. पंखा सावकाश फिरत होता. तो 'येईल' कुठून आला, हे तिला अजूनही माहीत नव्हतं. तो तापाचा होता, की एका म्हातारीचं तोंड बघून कुठल्याही बाईच्या तोंडून निघाला असता तसला. "तिला सांग," ती म्हणाली, "वासंतीवैनी म्हणाली, की मीपण वाट बघत्येय."

रक्त पुन्हा तपासलं, ते स्वच्छ आलं. मूत्रपिंडांचा आकडा चढला, डॉक्टर ऋजुतांच्या कपाळावर आठी चढली, मग तो आकडा थांबला आणि कुरकुरत खाली यायला लागला. पांढऱ्या पेशी उगवल्या. "थोडा मोहोर जळलाय," डॉक्टर घरी सोडताना परशुरामला म्हणाल्या, "पण सगळा नाही. पुढची किमो जरा लांबवू, आणि त्या वेळी हा जंतू ध्यानात ठेवूनच औषधं देऊ. एक सांगते, रक्तात तो आता नाही, पण पोटात राहील. महिनोन् महिने असेल. परत ताप आला तर आल्याबरोबर हे सांगायचं." "आणि घरी काय? झगे, मोजे?" "घरी काही नको, काका. साबण आणि पाणी. हात नीट धुवायचे, काकूंनीही आणि तुम्हीही. बस्स."

घर तसंच होतं. पडवीत खुर्ची मांडलेली, माजघरातल्या आढीतून पिकायला लागलेल्या हापूसचा वास. वासंती खुर्चीत टेकली आणि तिला वाटलं, आपण आत काय घेऊन आलोय? एक भाडं न देणारा. शिकलेला, गप्प बसलेला. सगळ्यांच्याच पोटात असं काही काही गप्प बसलेलं असेल. भार्गवीचा पुण्याहून व्हिडिओ कॉल येऊन गेला, "आई, किती बारीक झालीस गो," आणि पडद्यावर तिचे पसरलेले हात दिसले, अजून तसेच, अंगणातून धावत येणारीचे. तेव्हा वासंतीला दुपारचं ते दुसरं चित्र आठवलं, जे तिने इतकी वर्षं बाजूला टाकून दिलं होतं. सगळ्यांची जेवणं झाली, मागचं आवरून झालं, की सासूबाई सोवळं सोडायच्या, साधं लुगडं नेसायच्या, मागच्या पायरीवर बसायच्या आणि हाक मारायच्या, "ये गो आता. ये." भार्गवी जायची आणि सासूबाई तिला मांडीवर घेऊन बसायच्या, ती झोपेपर्यंत, झोपल्यावरही, पायाला मुंग्या येईपर्यंत. सकाळभर राखून ठेवलेलं सगळं. हे वासंतीने बघितलं होतं. रोज बघितलं होतं. फक्त वर धरलेली पळीच लक्षात ठेवली होती.

मागच्या दारी नळ सुटला. परशुराम हात धूत होता. साबण दगडावर घासल्याचा आवाज, मग फेसाचा तो बारीकसा चिकट आवाज, मग पाणी. तिने मनातल्या मनात पाठोपाठ धुतलं: तळवे, पाठी, बेचक्या, अंगठे, नखं. झालं असेल. नाही, अजून नाही. पाणी चालूच. किती वेळ धुतो हा माणूस! तिचं कपाळ नुसतं थांबून राहिलं होतं, कातळ थांबतो तसं. मग नळ बंद झाला. पावलं आली. पंच्याला हात पुसायचं तो विसरला होता, किंवा पुसायचा धीर त्याला राहिला नव्हता. हात कपाळावर आला. गार, ओला, बागेतल्या कामाने खरखरीत झालेला, साबणाच्या वासाचा, उघडा. एक थेंब भुवईवरून घरंगळून तिच्या नाकाच्या बाजूने खाली गेला.

"ताप नाही गो," परशुराम म्हणाला.

"नसू दे. हात राहू दे."